एक खटका की सहा?

घरात ठिणगी उडाली, की कोणीतरी ओरडते, "आधी मेन बंद करा!" आज ही सूचना स्वाभाविक वाटते. पण सारी वीज एका हालचालीने बंद करता यावी, ही व्यवस्था विजेच्या बरोबरीने घरात आली नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

सुरुवातीला भीती होती ती आगीची. एडिसनने 1880 साली एका सुरक्षा-तारेचे पेटंट घेतले. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला, की ही बारीक तार वितळून मंडल तोडी. हाच आपला फ्यूज. 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी लंडनच्या टेलिग्राफ अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी 21 नियम प्रसिद्ध केले.

अमेरिकेत पुढाकार विमा कंपन्यांनी घेतला. आग लागली तर भरपाई त्यांनाच द्यावी लागणार होती! 1893 च्या शिकागो प्रदर्शनातील विजेच्या जोडण्या तपासायला त्यांनी विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याला पाठवले. त्यातूनच 1894 मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही चाचणीसंस्था उभी राहिली. पण तेव्हा त्या देशात पाच वेगवेगळ्या नियमावल्या चालू होत्या. त्यांचा मेळ घालून 1897 मध्ये एकच राष्ट्रीय विद्युत संहिता तयार झाली. आज तिची दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघते.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. फ्यूज तारेचे रक्षण करतो. तार तापून पेटण्याआधी तो वितळतो. मुख्य खटक्याचे पहिले काम मात्र माणसाचे रक्षण करणे हे आहे. संकटात किंवा दुरुस्तीच्या वेळी सारे घर पुरवठ्यापासून अलग करता आले पाहिजे. 1924 मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे ह्युगो स्टोट्झ यांच्या कंपनीने छोट्या सर्किट ब्रेकरचे पेटंट घेतले. दीर्घकाळच्या जादा प्रवाहासाठी द्विधातू पट्टी आणि शॉर्टसर्किटसाठी विद्युतचुंबक, अशा दोन युक्त्या त्यात एकत्र होत्या. त्यामुळे रक्षण करणे आणि हाताने बंद करणे ही दोन्ही कामे एकाच उपकरणात आली.

पण एकच मेन हवा, असे अमेरिकी संहितेने कित्येक दशके म्हटले नाही. हाताच्या जास्तीत जास्त सहा हालचालींत सारे घर बंद झाले पाहिजे, एवढीच तिची अट होती. मोठा मेन महाग पडे. म्हणून शेगडी, पाणी तापवण्याची टाकी, दिवे यांचे पाच-सहा ब्रेकर ओळीने बसवत आणि मुख्य खटका गाळून टाकत. सहाही पाडले, की घर अंधारात. नियम पाळला गेला!

मग अडचण कोठे होती? ती पेटीच्या आत होती. सहाही ब्रेकर बंद केले, तरी ज्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ते बसवलेले असतात, ती जिवंतच राही. वीज कंपनीने बाहेरून पुरवठा तोडेपर्यंत त्या पेटीत काम करणारा कारागीर धोक्यात असे. म्हणून 2020 च्या आवृत्तीने नियम बदलला. सहापर्यंत खटके आजही चालतात, पण ते एकाच पेटीत उघडे एकत्र नकोत. प्रत्येकाला स्वतंत्र पेटी किंवा स्वतंत्र कप्पा हवा. त्याच आवृत्तीने एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी, अग्निशामक दलाला आत न शिरता वीज तोडता यावी म्हणून, घराबाहेर सहज हाती येणारा खटकाही सक्तीचा केला.

आपल्याकडे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी पुरवठा जेथे सुरू होतो त्याच्या शक्य तितक्या जवळ, सहज चालवता येईल आणि पुरवठा पूर्ण तोडील असा जोड-खटका किंवा सर्किट ब्रेकर मागितला होता. जोड-खटका म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी तोडणारा. एकट्या न्यूट्रलवर खटका किंवा फ्यूज बसवायला मनाईच होती, कारण तसे केले तर दिवा विझतो, पण तार जिवंत राहते. पुढे या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या, आणि नंतर 2023 च्या विनियमांनी घेतली.

वर्गात एवढे जरूर सांगावे: मेन बंद केल्यावरही मेनपर्यंत येणारी तार जिवंतच असते. म्हणून पेटी उघडणे हे जाणकाराचे काम. मुलांनी हात न लावता फक्त शोध घ्यावा. आपल्या शाळेचा मेन कोठे आहे? त्याच्यापुढे कपाट किंवा मोडके बाक तर रचलेले नाहीत? ती खोली कुलूपबंद असेल, तर किल्ली कोणाकडे असते? ज्या खटक्यापर्यंत हात पोचत नाही, तो नियमात असूनही नसल्यासारखाच.