विजेचा उपचार आणि स्मरणशक्ति

धामणगांव रेल्वे स्टेशनावरून पूर्वेस निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडून पुलगांव, वर्धा करीत नागपुरास पोंचते. विदर्भाचें प्रादेशिक मनोरुग्णालय तेथें असल्यामुळें वऱ्हाडांतील मनोरुग्णाची वाट बहुधा हीच. सोबतच्या आप्तांच्या मनांत रोगाइतकीच दुसरी एक धास्ती असते : ‘शॉक’ दिल्यावर आपलें माणूस आपल्याला ओळखील काय ?

ही धास्ती निराधार नव्हे. १९३८ सालीं रोम येथें चेर्लेत्ती व बीनी यांनीं मस्तकांतून वीज सोडून झटका आणण्याचा उपचार प्रथम केला, आणि पुढें तीव्र विषण्णतेवर तो विलक्षण गुणकारी ठरला. अन्नपाणी सोडलेलीं माणसें पुनः संसाराला लागलीं. पण त्यांपैकीं कित्येकांना उपचाराच्या मागचेपुढचे महिने आठवेनात. दुःख विसरतें म्हणूनच रोगी बरा होतो, असें कांहीं डॉक्टर मानीत. मोठी सोयीची समजूत ! १९५० नंतर भूल व स्नायू शिथिल करणारें औषध आलें; हाडें मोडण्याचें भय सरलें, स्मृतीचा प्रश्न तसाच राहिला.

१९५८ सालीं इंग्लंडांत लँकेस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विजेचीं टोकें दोन्ही कानशिलांऐवजीं एकाच, उजव्या बाजूस ठेवलीं. भाषेचें काम बहुधा डावा मेंदू करतो. तो मुख्य प्रवाहांतून सुटला. विस्मरण घटलें, रोगी मात्र बरे होतच राहिले. विस्मरणावांचूनहि गुण येतो, हें दिसून आलें.

पण येथेंहि काटकसर फसवी ठरली. उजव्या बाजूस जेमतेम झटका येईल इतकीच वीज दिली, तर झटका येतो, गुण येत नाहीं, असें अमेरिकेंतील सॅकाइम यांनीं १९९३ मध्यें दाखविलें; वीज तिच्या अनेक पट लागते. मग तिचें रूपच बदलावें लागलें. घरांतील दिव्याची वीज लाटेसारखी चढते-उतरते. मज्जातंतु चेतविण्यास त्यांतला अत्यल्प क्षण पुरतो, बाकीची ऊर्जा व्यर्थ. म्हणून तुटक ठोके वापरांत आले, आणि २००८ च्या प्रयोगांत ते सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं तीन भागांइतके आंखूड केल्यावर विस्मरण आणखी कमी झालें. आठवड्यांत तिनांऐवजीं दोनच उपचार दिल्यानेंहि स्मृति वांचते. गुण मात्र उशिरां येतो. ज्यानें अन्न टाकलें आहे, त्याला हा उशीर परवडेल काय, हें पाहूनच निवड करावी लागते.

भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें भुलीवांचून हा उपचार देण्यास मनाई केली. वीज कोणत्या बाजूस व कोणत्या रूपांत द्यावी, हें कायदा सांगत नाहीं. तें डॉक्टरांवर आणि यंत्रावर अवलंबून. नवें ध्यानांत ठेवण्याची शक्ति बहुधा कांहीं आठवड्यांत परत येते; उपचाराभोंवतालच्या दिवसांच्या आठवणी कांहींना कायमच्या दुरावतात. पहिल्या उपचारापूर्वींच स्मरणशक्ति तपासून टिपून ठेवली, तर ती घसरूं लागतांच जागा, मात्रा किंवा दोन उपचारांमधील अंतर बदलतां येतें.