एक तोळा मोठेपणा

माणसाला मोठेपणा जन्माने येतो, पैशाने येतो, नाहीतर मोठ्या साहेबाचा जावई झाल्याने येतो. बंदुकीच्या काडतुसाला तो बाटलीवरून आला. मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये ‘मोठे’. शँपेनची नेहमीच्या दुप्पट, दीड लिटरची बाटली, तिला विलायतेत मॅग्नम म्हणतात. तिथल्या बंदूकवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव उचलले आणि जास्त दारू भरलेल्या काडतुसाला चिकटवले. मराठीत बाटलीतली काय नि बंदुकीतली काय, दोन्ही दारूच. त्यामुळे आपल्याला त्यात काही वावगे वाटायचे कारण नाही.

माझा स्वतःचा शस्त्रव्यवहार दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी संपला. पण शिकारीच्या पुस्तकांत हे मॅग्नम पानोपानी भेटते, आणि कुतूहलाला परवाना लागत नाही.

या घराण्यातले सर्वांत नावाजलेले थोरले म्हणजे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडचे १९१२ सालचे ‘३७५ मॅग्नम’. ३७५ हा गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत. वजन ३०० ग्रेन. ग्रेन म्हटले की आपण बिचकतो. पण इंग्रजांनीच आपला तोळा १८० ग्रेनांचा ठरवून ठेवला होता. म्हणजे पावणेदोन तोळ्यांना जरा कमी अशी ही गोळी सेकंदाला सुमारे अडीच हजार फूट वेगाने निघते. हिची पितळी पुंगळी लांब आणि निमुळती. उष्ण देशात झाडल्यावर ती नळीत अडकून बसू नये, ही त्यातली सोय. पण पुंगळीला धड खांदाच नाही, मग ती नळीत जाऊन थांबणार कुठे? म्हणून तिच्या बुडाशी एक पट्टा काढला. या काडतुसाने हरणापासून हत्तीपर्यंत सगळे निभावले.

पुढे अमेरिकनांनी हीच पुंगळी कापूनछाटून नवी पिढी काढली. १९५६ साली विंचेस्टरचे ४५८ आले, पावणेतीन तोळ्यांच्या गोळीचे, हत्तीसारख्यांसाठी. १९६२ साली रेमिंग्टनचे ७ मिलिमीटर आले, १९६३ साली विंचेस्टरचे ३००. या शेवटच्या दोघांना चांगला खांदा होता, पट्ट्याची गरज नव्हती. पण पट्टा दिसला की मॅग्नम, असे गिऱ्हाइकाच्या मनात बसलेले! पँट नीट बसत असली तरी आपणही पट्टा लावतोच की.

आता हे ३०० आणि अमेरिकन लष्कराचे १९०६ सालचे ३०-०६ शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत बरोबर एक तोळ्याची गोळी घाला. जुने ती सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी फेकते, नवे सुमारे २९५० फुटांनी. लांबच्या माऱ्यात गोळी कमी खाली उतरते, हा फायदा खराच. पण वरच्या अडीचशे फुटांचे बिल खांद्याच्या नावाने येते. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, आणि मग गोळी कितीही तोळ्यांची असो, जायची तिकडेच जाते.

२००१ साली विंचेस्टरने पट्टा काढला आणि ‘शॉर्ट मॅग्नम’ आणले. म्हणजे ‘आखूड मोठे’. आपल्याकडे एकेका घरात ‘धाकटे दादासाहेब’ असतात, त्यातलाच प्रकार.

या सगळ्या मापांत एक माप राहून जाते. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले होते. तिच्या तोंडात पाहिले तर उजवीकडचे दोन्ही सुळे मोडलेले. कुणाची तरी जुनी गोळी लागून ते मोडले आणि नेहमीची शिकार तिला जमेना, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. ती गोळी किती ग्रेनची होती, कुणास ठाऊक. चार बोटे इकडे किंवा तिकडे लागती, तर ते पुढचे टळले असते.

त्या कामगिरीबद्दल कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती ‘२७५ रिग्बी’ रायफल. तिचे काडतूस साधे ७ मिलिमीटर मौझर. नावात मॅग्नम नाही, बुडाला पट्टा नाही. त्याच काडतुसाने बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती पाडले. हत्तींना त्यात कौतुक वाटण्यासारखे काही नव्हते. पण गोळी कुठे लावायची हे त्या माणसाला नेमके ठाऊक होते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा वादच मिटवला. वाघाला विचाराल तर काडतुसांच्या इतिहासातली सर्वांत मोठी सुधारणा तीच.