ऑइलच्या डब्यावरची अक्षरं



ऑटो पार्ट्सच्या दुकानात इंजिन ऑइलच्या रांगेपुढे उभं राहिलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते. १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, सीके-४, एफए-४, एसपी. तुमच्यापैकी कुणाकडे कॅम्पर ओढायला डिझेल पिकअप असेल, कुणाचा स्वतःचा मालवाहतुकीचा ट्रक असेल. अशा वेळी आपण बहुतेक सगळ्यात महागडा नाहीतर सगळ्यात नवा डबा उचलतो. पण ‘सगळ्यात चांगलं ऑइल’ अशी काही चीजच नसते. असतं ते अमुक इंजिनाला योग्य ऑइल. असं का, ते डब्यावरच्या अक्षरांच्या इतिहासातून कळतं, म्हणून आज तोच इतिहास.

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालत. घासणं कमी व्हावं, एवढीच त्या वंगणाकडून अपेक्षा. सुरुवातीच्या मोटारींच्या ऑइलकडूनही फार वेगळी अपेक्षा नव्हती. १९०९ साली इंग्लंडमध्ये वेकफील्ड कंपनीने आपल्या नव्या ऑइलला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिलं, ते त्यात मिसळलेल्या ‘कॅस्टर ऑइल’वरून. म्हणजे आपल्या आजीच्या फडताळातलं एरंडेलच!

१९११ मध्ये अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, ऑइलच्या दाटपणाला आकडे दिले. त्याच पद्धतीत पुढे बदल होत आजचे डब्यावरचे आकडे आले. डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकी कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होताना अडचण कमी. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. मात्र हे आकडे फक्त दाटपणाचे. ऑइलमध्ये आणखी काय मिसळलंय, ते त्यातून कळत नाही.

ती गरज निर्माण केली डिझेलने. १९३१ मध्ये कॅटरपिलर कंपनीने डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेल इंजिनात दाब जास्त, उष्णता जास्त आणि काजळीही जास्त. साध्या खनिज तेलाचा चिकटा पिस्टनच्या खाचांमध्ये साचायचा, रिंगा जागच्या जागी अडकायच्या आणि इंजिन बसायचं. मग कॅटरपिलर आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे आजची शेव्हरॉन, यांनी मिळून तोडगा शोधला. ऑइलमध्ये धातूयुक्त, साबणासारखं काम करणारं रसायन मिसळायचं. हा झाला डिटर्जंट. आता ऑइल नुसतं वंगण राहिलं नाही, ते इंजिनाची धुणीभांडीही करू लागलं. डिझेलचं नवं ऑइल थोडंसं चालल्यावर काळं पडतं, तेव्हा घाबरू नका. काजळी धातूला न चिकटता ऑइलमध्ये तरंगत राहिली, असाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने अशा डिटर्जंट ऑइलसाठी स्वतःची मानकं ठरवली. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, ऑइलचे तीन वर्ग केले: रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी. १९७० च्या सुमारास आजची अक्षरं आली. एसने सुरू होणारं पेट्रोल इंजिनासाठी, सीने सुरू होणारं डिझेलसाठी. पुढचं अक्षर पिढी सांगतं आणि शेवटचा ४ म्हणजे चार-स्ट्रोक इंजिन.

इथून पुढे अक्षरं बदलली ती मुख्यतः कायद्यामुळे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि सात डिझेल इंजिन कंपन्या यांच्यात धुराच्या प्रकरणावरून कोर्टात तडजोड झाली आणि २००४ चे नियम ऑक्टोबर २००२ मध्येच लागू झाले. धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवायचा, हा उपाय निघाला. हवा सुधारली, पण ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल वाढलं. ते पेलण्यासाठी सीआय-४ आलं.

खरी गंमत पुढे आहे. २००७ च्या ट्रकांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसवावा लागला. काजळी त्यात जाळून टाकता येते, पण राख जळत नाही. आणि ही राख येते कुठून? इंजिनात जे थोडं ऑइल जळतं, त्यातल्या डिटर्जंटच्या धातूंपासून! ज्या उपायाने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन वाचलं, तोच आता फिल्टर बुजवू लागला. म्हणून २००६ मध्ये सीजे-४ आलं आणि त्यात राखेचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित केलं. हे जमलं, कारण त्याच वर्षी डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर आणलं गेलं. गंधक कमी म्हणजे आम्ल कमी, आणि आम्ल कमी म्हणजे ते मारायला धातूयुक्त रसायनंही कमी लागतात. इंधन, इंजिन आणि ऑइल ही अशी एकमेकांत गुंतलेली तीन चाकं आहेत.

डिसेंबर २०१६ मध्ये एकाच वेळी दोन वर्ग आले, सीके-४ आणि एफए-४. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट चटकन कळते. सीके-४ जुन्या आवृत्त्यांशी जुळतं. सीजे-४, सीआय-४ किंवा सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात ते चालतं. एफए-४ तसं नाही. इंधन वाचावं म्हणून ते तापलेल्या इंजिनात मुद्दाम पातळ राहील असं बनवलंय, आणि २०१७ च्या नियमांनुसार घडवलेल्या काही ट्रक इंजिनांपुरतंच आहे. जुन्या इंजिनाच्या बेअरिंगना दाट थराची सवय. तिथे हे ‘नवं’ ऑइल ओतलं तर तो थर पुरेसा राहीलच असं नाही. डबे शेजारी-शेजारी, दोन्हींवर १०डब्ल्यू-३० लिहिलेलं, आणि फरक फक्त त्या दोन अक्षरांचा!

मायदेशात कुणाचा ट्रान्सपोर्टचा धंदा असेल, तर हीच गोष्ट त्यांना फोनवर सांगा. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं आणि नव्या ट्रकांना फिल्टर बसले. एकाच मालकाच्या अंगणात जुना बीएस-३ आणि नवा बीएस-६ शेजारी उभे असतात. दोघांना एकाच पिंपातलं जुन्या वर्गाचं ऑइल घातलं, तर जुना तक्रार करणार नाही, पण नव्याचा फिल्टर हळूहळू राखेने भरेल. तो दोष त्या दिवशी दिसत नाही. नंतर बिलात दिसतो.

तेव्हा मंडळी, दुकानात जाण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि त्यात दोन गोष्टी पाहा: एपीआयचा वर्ग आणि तुमच्याकडच्या थंडीला चालणारा दाटपणा. मग डब्यावरचं एपीआयचं गोल चिन्ह शोधा. वरच्या भागात वर्ग असतो, मधोमध दाटपणा. दोन्ही जुळले की डबा उचला. कंपनीने स्वतःचं मानक सांगितलं असेल, तर तेही डब्यावर आहे ना ते पाहा. किंमत आणि जाहिरात त्यानंतर.

त्या दोन अक्षरांमागे कुणाच्या तरी अडकलेल्या रिंगा आहेत, एक कोर्टातली तडजोड आहे आणि आपण सगळे श्वासात घेतो ती हवा आहे. आपल्या इंजिनाचा जन्म यातल्या कुठल्या टप्प्यावर झाला, तेवढं ओळखा. त्याला काय पाजायचं, हा प्रश्न तिथेच सुटतो.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा. नमस्कार!