लिलावात गेलेली, लिलावातून आलेली

१९७९ साली माझ्या बाजीचे लग्न ठरले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या घराच्या भिंतीवर खुंटीला एक कट्यार टांगलेली असे. म्यान केव्हाच नाहीसे झालेले, मूठ काळवंडलेली. दादा सांगायचे, आपल्यातला कुणी एक जण भोसल्यांच्या फौजेत होता, त्याची ही कट्यार. कोण, कधी, कुठल्या लढाईत, यातले काही दादांनाही सांगता येत नसे. लग्नाच्या तयारीत घरातली तांब्याची दोन घंगाळी विकायला निघाली. त्यांच्याबरोबर अब्बांनी कट्यारही दिली. भंगारवाल्याने घंगाळी तांब्याच्या भावाने घेतली आणि कट्यार लोखंडाच्या. आलेल्या पैशांत बाजीच्या शालूची किंमतसुद्धा पुरी झाली नाही. अम्मी त्या दिवशी खुंटीकडे पाहत नव्हती, एवढे मला आठवते.

हे सगळे पुन्हा आठवले ते गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली. लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एप्रिलच्या अखेरीस एक तलवार विक्रीला निघाली. ती नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची. आपल्या राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. वाहतूक आणि विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपयांच्या घरात गेला. १८ ऑगस्टला तलवार मुंबईत आली आणि पु. ल. देशपांडे कला अकादमीत लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. मीही गेलो. बाहेर धो धो पाऊस होता, छत्र्या दाराशी ठिबकत होत्या.

पाते सरळ, लांब, एकधारी, बनावट युरोपातली. मूठ मात्र आपल्याकडची, वर सोन्याचे नक्षीकाम. असे विलायती पाते आणि देशी मूठ असलेल्या तलवारीला मराठे ‘फिरंग’ म्हणत. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरी अक्षरे कोरली आहेत. ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग’, अशी ती ओळ. मी कवी माणूस, मला तलवार चालवता येत नाही. पण शब्द जरा उलटून पाहण्याची खोड आहे. ‘श्रीमंत’ आणि ‘सेना’ संस्कृतातले. ‘साहेब’ आणि ‘सुभा’ अरबीतून फारसीमार्गे आलेले. ‘फिरंग’ म्हणजे मूळचे ‘फ्रँक’; युरोपीय माणसाला अरब-इराणी लोकांनी दिलेले नाव. आणि ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी रघूजींना मिळाली छत्रपती शाहू महाराजांकडून. एका ओळीत एवढी मंडळी नांदत होती आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नव्हते.

आता ही तलवार गेली कशी? नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. भोसले हरले. त्यानंतरच्या लुटीत किंवा नजराण्यात ती हिंदुस्थानाबाहेर गेली असावी, असा अंदाज सांगितला जातो. पण नागपूरकरांच्या मनात दुसरी एक जखम आहे, आणि ती लुटीची नाही, लिलावाची आहे.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. मग वाड्यातल्या वस्तूंची यादी झाली. हत्ती, उंट, घोडे, बैल लिलावात काढले गेले आणि मातीमोल किमतीला गेले. जडजवाहीर कलकत्त्याला पाठवून तिथल्या बाजारात विकले. वृद्ध राणी बांकाबाई संतापून म्हणाल्या की, वाड्यातले सामान हलवाल तर मी वाड्याला आग लावीन. कंपनीचे म्हणणे असे की, आलेला पैसा भोसले घराण्याच्याच निर्वाहाच्या निधीत जाणार आहे. हिशोबाच्या वहीत ते खरेही असेल. पण घरातली वस्तू घरच्यांच्या डोळ्यांदेखत विकून त्याच पैशांवर घरच्यांना पोसायचे, या व्यवहारातले दुःख वहीत कुठे मांडतात?

आमच्या विदर्भात लिलावाला जुनी माणसे ‘हर्रास’ म्हणतात. कोंडवाड्यातल्या गुरांचा हर्रास, आंब्याच्या झाडांचा हर्रास. हा शब्द अरबीतला. ‘लिलाव’ आला पोर्तुगीजांकडून. आणि पोर्तुगीजांनीही तो अरबांकडूनच उचललेला. मुळात अर्थ ‘जाहीर करणे’ असा. म्हणजे लिलाव ही लपूनछपून करायची गोष्ट नव्हे. चारचौघांत पुकारा करायचा, ज्याची बोली जास्त त्याची वस्तू. हातोडा पडला की मागचे सगळे पुसले. वस्तू विकणाऱ्याकडे कशी आली, हा प्रश्न त्या आवाजात बुडून जातो. लुटीचा माल पिढ्यान्‌पिढ्या असाच धुऊन निघाला.

श्रीरंगपट्टणचे पाहा. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान लढता लढता पडला. त्यानंतर लुटीच्या वाटणीसाठी इंग्रजी फौजेने रीतसर अधिकारी नेमले होते. सेनापती जनरल हॅरिसच्या वाट्याला एक लाख चाळीस हजार पौंडांहून अधिक आले, साध्या शिपायाच्या हातावर मोजके काही पौंड. टिपूचे सोन्याने मढवलेले सिंहासन अखंड कुणा एकाला देता येईना, म्हणून तोडून त्याचे तुकडे केले. त्या सिंहासनावरची वाघाची मुंडकी पुढे दोनशे वर्षे वेगवेगळ्या घरांतून फिरत लिलावगृहांत येत राहिली. टिपूच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार फौजेने मेजर जनरल बेर्डला भेट दिली. २३ मे २०२३ रोजी लंडनमध्ये बॉनहॅम्सने ती विकली, एक कोटी चाळीस लाख पौंडांवर.

मला मात्र त्या तलवारीहून एक अंगठी जास्त आठवते. २०१४ सालच्या मे महिन्यात लंडनमध्ये क्रिस्टीजने ती विकली, १ लाख ४५ हजार पौंडांना. जाड सोन्याची अंगठी, आणि तिच्यावर देवनागरीत उठावाची दोनच अक्षरे : राम. टिपूच्या मृतदेहावरून ती काढून घेतली, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. ती त्याने का घातली असेल यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. माझे म्हणणे एवढेच की, एकाच्या मृत्यूची खूण दुसऱ्याच्या दागिन्यांच्या डबीत जाते आणि तिथून यादीतला एक क्रमांक होऊन बाहेर येते, तेव्हा तिच्यावरचे नाव कुठलेही असो, तिचे पोरकेपण सारखेच असते.

लिलावात जुन्या वस्तूची किंमत सोन्यावर किंवा लोखंडावर ठरत नाही. ती ठरते गोष्टीवर. वस्तू कुणाची होती, तिथून कुणाकडे गेली, त्याची कागदपत्रे कुठे आहेत, हा मालकीचा इतिहास जितका पक्का तितकी बोली वर. नाव पुसले गेले की राजाची तलवारही लोखंडाच्या भावात जाते. आमची कट्यार तशीच गेली. अब्बांनी ती स्वस्तात विकली असे मी बरीच वर्षे समजत होतो. खरे तर तिची गोष्ट आम्हीच आधी हरवली होती. भंगारवाल्याने उरलेल्या लोखंडाचे पैसे प्रामाणिकपणे मोजून दिले.

मग आपल्याच वस्तू आपण पैसे देऊन का घ्यायच्या? हा प्रश्न प्रदर्शनात माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका तरुणाने त्याच्या मित्राला विचारला. प्रश्न रास्त आहे. देशादेशांमधला चोरट्या कलावस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० सालचा. त्याआधी गेलेल्या वस्तूंना तो लागू होत नाही. आपला पुरावस्तू कायदा १९७२ सालचा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकणाऱ्याला परवाना लागतो, मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वस्तूंची नोंदणी करावी लागते. हा कायदा आजच्या घराला कुलूप लावतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या चोरीपुढे त्याचे हात तोकडे पडतात.

तरी कधीकधी नुसता आवाज चढवूनही काम होते. १८९८ मध्ये पिप्रहवा इथल्या स्तूपात भगवान बुद्धांच्या अस्थींबरोबर रत्ने सापडली होती. मे २०२५ मध्ये त्यांतली काही हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघाली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव थांबला. जुलैअखेर ती रत्ने भारतात परतली. पण तिथेही शेवटी गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली, तेव्हाच. म्हणजे लाज वाटते, पण फुकट देण्याइतकी नाही.

मला वाटते, सरकारने फिरंगेसाठी पैसे मोजले ते योग्य केले. पण पैसे मोजून तलवार मिळते, गोष्ट मिळत नाही. नागपूर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. ते वाढवले भोसल्यांनी. त्यांच्या फौजेत नाना जातिधर्मांची माणसे होती. बंगाल-ओडिशापर्यंत गेलेल्या त्या स्वाऱ्यांत तिथल्या रयतेचे हालही झाले. हे सगळे मिळून त्या पात्याचा मालकीचा इतिहास होतो. त्यातला सोयीचा तेवढा तुकडा तोडून घेतला तर श्रीरंगपट्टणच्या सिंहासनाचे जे झाले तेच आपण करू.

पेटीपुढे मी ती ओळ वाचत होतो. शेजारी एक आजीबाई होत्या, चष्मा घरी विसरलेल्या. त्यांनी विचारले, “भाऊ, काय लिहिलंय हो त्यावर?” मी मोठ्याने वाचून दाखवले. मागची दोन-तीन माणसे ऐकायला थांबली. मग आजीबाईंनी विचारले, “तुम्ही नागपूरचे का?” मी हो म्हणालो.

घरी आल्यावर बाजीला फोन लावून सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कट्यारीच्या मुठीवर एक पान होतं रे, पिंपळाचं असावं. अब्बा ती द्यायला निघाले तेव्हा मी बोटानं चाचपून पाहिलं होतं.”

पन्नाशी उलटून गेल्यावर मला हे पहिल्यांदा कळले. मी ते वहीत लिहून ठेवले : मुठीवर पान. कट्यार कुठे असेल ती असो, तिच्या गोष्टीतले एवढे एक अक्षर तरी परत घरी आले आहे. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल तर आज संध्याकाळी वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल विचारा, आणि ते काय सांगतात ते लिहून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)