डेंपो क्लबाचे आर्मांदो कुलासो

फुटबॉल क्लबाचें दैव पुष्कळदां परदेशी प्रशिक्षकाच्या हातीं सोंपविलें जातें. गोमंतकांतील डेंपो क्लबाची कीर्ति मात्र आर्मांदो कुलासो ह्या घरच्याच माणसानें वाढविली. त्यांच्या हाताखालीं क्लबानें राष्ट्रीय अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें: २००५, २००७, २००८, २०१० व २०१२.

परंतु त्यांची खरी कसोटी एका विजयाच्याच दिवशीं लागली. ५ डिसेंबर २००४ रोजीं बंगळूरास फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियर ह्यानें मोहन बागानवर दोन्ही गोल केले. दुसरा करतांना गोलरक्षकाशीं टक्कर होऊन तो कोसळला, तो उठलाच नाहीं. चषक आला, पण आनंद कोणीं करावा? असा संघ सावरणें डावपेंच शिकविण्याहून कठीण. कुलासोंनीं तो सावरला. त्याच हंगामाअखेर पहिलें अजिंक्यपद आलें. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स ही गोमंतकीय मंडळी पुढें वर्षानुवर्षें त्यांच्यापाशींच राहिली.