पेंडरेल मेला की वाचला?

रॉजर पेंडरेल नावाचा एक तरुण १९२७ साली मेला आणि १९३२ साली वाचला. दोन्ही नोंदी आजही तपासता येतात. पहिली आहे जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘बिनायटेड’ या कादंबरीत, दुसरी जेम्स व्हेल यांनी त्याच कादंबरीवर केलेल्या ‘द ओल्ड डार्क हाउस’ या चित्रपटात. रात्र तीच, घर तेच, जिन्यावरची झटापटही तीच. पुस्तकात ती पेंडरेलच्या जिवावर बेतते. पडद्यावर मात्र तो सकाळी डोळे उघडतो आणि आदल्या रात्रीच भेटलेल्या ग्लॅडिसला लग्नाचे विचारतो. या पाच वर्षांत काय घडले, ते हाती असलेल्या साधनांवरून जुळवून पाहू.

पहिले साधन अर्थातच पुस्तक. लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने ते १९२७ मध्ये काढले. शीर्षकाच्या इंग्रजी शब्दाला दोन पदर आहेत: वाटेत रात्र झाल्याने अडकलेले, आणि मनानेच अंधारात राहिलेले. पुढच्या वर्षी अमेरिकेत पुस्तक निघाले तेव्हा हे दुपदरी नाव गेले आणि ‘जुने अंधारे घर’ अशा अर्थाचे सरळ नाव आले. चित्रपटाने तेच उचलले. पहिला फेरफार असा कॅमेरा सुरू होण्याच्या चार वर्षे आधी, मुखपृष्ठावर झाला. अंधार माणसांच्या मनातून निघून घरात गेला.

गोष्ट थोडक्यात अशी. वेल्सच्या डोंगरात मुसळधार पाऊस, दरड कोसळून रस्ता बंद. मोटारीत वेव्हर्टन नवराबायको आणि त्यांचा मित्र पेंडरेल. समोर एकच घर, त्यात फेम कुटुंब. भित्रा होरेस, त्याची ठार बहिरी म्हणावी अशी धर्मवेडी बहीण रिबेका, दारू चढली की अनावर होणारा मुका नोकर मॉर्गन, आणि वरच्या मजल्यावर कुलूपबंद ठेवलेला भाऊ सॉल. मागाहून सर विल्यम पोर्टरहाउस हा धनाढ्य गृहस्थ आणि ग्लॅडिस येऊन पोचतात.

पुस्तकातला भरवशाचा भाग भुताटकीचा नाही. अडकलेली माणसे शेकोटीभोवती बसून खरे बोलण्याचा खेळ खेळतात. प्रत्येकाने आपल्या आयुष्याबद्दल खरे तेच सांगायचे. त्यातून दिसते ती पहिल्या महायुद्धातून परतलेली, आतून रिकामी झालेली पिढी. ही केवळ कल्पना नव्हती, असे म्हणायला प्रीस्टली यांची लष्करी कारकीर्द पुरेशी आहे. १९१४ च्या सप्टेंबरात ते विशीच्या उंबरठ्यावर सैन्यात भरती झाले आणि १९१६ मध्ये तोफगोळ्याच्या स्फोटात मातीखाली गाडले गेले. पेंडरेलच्या बोलण्यातला कडवटपणा लेखकाचा स्वतःचा आहे, हे मात्र अनुमानच. अनुमान बळकट आहे, एवढेच म्हणतो.

दुसरे साधन चित्रपटाची सुरुवातीची पाटी. युनिव्हर्सल कंपनीने २० ऑक्टोबर १९३२ रोजी तो प्रदर्शित केला. आरंभीच निर्मात्याचे एक निवेदन येते: यातला वेडा नोकर साकारणारा कार्लोफ हाच ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस; वाद नको म्हणून आधीच सांगतो. हे निवेदन पूर्णपणे खरे आहे. पण त्याच श्रेयनामावलीत फेम कुटुंबातल्या १०२ वर्षांच्या सर रॉडरिकच्या भूमिकेपुढे ‘जॉन डजन’ असे नाव आहे, आणि ते खोटे आहे. त्या दाढीमागे एल्स्पेथ डजन ही अभिनेत्री आहे. एवढा म्हातारा दिसणारा पुरुष नट व्हेलना मिळाला नाही, असे कारण सांगतात. एकाच साधनातली एक ओळ शपथेवर खरी आणि दुसरी बनावट असू शकते, हा धडा इथे मिळतो. पुढेही तो विसरून चालणार नाही.

‘बोरिस कार्लोफ’ हेही घेतलेले नाव. मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या नात्यांचा माग काढत गेले की वाट अनपेक्षितपणे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोचते. त्याच्या आईची मावशी म्हणजे सयामच्या दरबारात शिक्षिका राहिलेली ॲना लिओनोवेन्स. आपला जन्म वेल्समधल्या कारनार्व्हनचा, असे ती सांगत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी मूळ नोंदी धुंडाळल्या तेव्हा तिचा जन्म १८३१ साली मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरच्या लष्करी वस्तीत झाल्याचे उघड झाले. वेल्समधल्या घराचा नोकर पडद्यावर उभा करणाऱ्या नटाच्या घराण्यात वेल्स हा एक पांघरलेला पत्ता होता. चित्रपटाच्या अर्थाशी याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. पण दप्तरातली एक ओळ किती दूर नेते, याचा हा नमुना आहे.

तिसरे साधन चित्रपटाची स्वतःची बहात्तर मिनिटे. पटकथा बेन लेव्ही यांची. त्यांनी कादंबरीचा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला. पाऊस, दरड, जेवणाचे टेबल, शेकोटी, जिना, सारे आहे. बदलला तो सूर. तो कुठे बदलतो, हे एका जागी बोट ठेवून दाखवता येते. होरेसच्या भूमिकेतला अर्नेस्ट थेसिजर फुलांचा गुच्छ हाती घेतो, माझी बहीण ही फुले मांडण्याच्या बेतात होती असे शांतपणे सांगतो आणि तो सरळ आगीत टाकतो. पुढे जेवताना तो उकडलेला बटाटा अशा काही स्वरात पुढे करतो की त्या साध्या आग्रहाने अंगावर काटा येतो आणि त्याच क्षणी हसूही फुटते. ‘विनोदी भयपट’ हा शब्द पुष्कळदा सैल वापरला जातो. इथे भय संपून विनोद सुरू होत नाही, एकाच उद्गारात दोन्ही असतात.

त्याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवू. भिजलेले कपडे बदलायला मार्गारेट वेव्हर्टन रिबेकाच्या खोलीत जाते. खडबडीत, वाकड्यातिकड्या आरशात रिबेकाचा चेहरा फाटत, फुगत जातो. ती मार्गारेटच्या रेशमी झग्याला हात लावून म्हणते, कापड छान आहे पण कुजेल. मग तिच्या उघड्या कातडीला बोट लावते आणि म्हणते, हे त्याहून छान आहे, पण हेही कुजेल. या झग्याबद्दल आणखी एक साक्ष आहे. मार्गारेटचे काम करणाऱ्या ग्लोरिया स्टुअर्ट यांनी पुढे सांगितले, की घरभर पावसाळी अंधार असताना हा तलम झगा कशाला, असे त्यांनी व्हेलना विचारले होते. कार्लोफ तुझा पाठलाग करील तेव्हा तू पांढऱ्या ज्योतीसारखी दिसायला हवीस, असे उत्तर मिळाले. ही आठवण अनेक दशकांनंतरची आहे, म्हणून शब्द जसेच्या तसे धरू नयेत. पण पडद्यावर ती ज्योत स्पष्ट दिसते. साक्ष आणि पुरावा जुळतात, म्हणून स्वीकारायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्न. पेंडरेलला का वाचवले? सोपे उत्तर हे, की प्रेक्षकाला सुखान्त हवा असतो. ते बहुधा खरेही असेल. पण शेवट पुन्हा पाहिला की एक गोष्ट खटकते. सॉल आणि पेंडरेल कठडा मोडून खाली कोसळतात. सॉल मरतो. मग मॉर्गन, तो रात्रभर सर्वांना धाकात ठेवणारा मुका मॉर्गन, त्याचे प्रेत कवटाळून रडतो आणि उचलून वर घेऊन जातो. या चित्रपटातले सर्वांत खरे दुःख हे आहे. माझा तर्क असा: पुस्तकातला शोक लेव्ही आणि व्हेल यांनी पुसला नाही, त्याची जागा बदलली. पेंडरेलच्या वाट्याचे अश्रू मॉर्गनच्या डोळ्यांत गेले. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्याला टेकू मात्र आहे.

तो टेकू म्हणजे या माणसांच्या लष्करी नोंदी. दिग्दर्शक व्हेल १९१७ साली फ्लँडर्समध्ये जर्मनांच्या हाती सापडले. होल्झमिंडेनच्या युद्धबंदी छावणीत त्यांनी नाटके बसवली, आणि त्यांना पुढे हॉलिवूडपर्यंत नेणारे ‘जर्नीज एंड’ हे नाटकही खंदकातलेच होते. थेसिजर फ्रान्समध्ये जखमी झाले आणि नंतर अपंग सैनिकांना भरतकाम शिकवण्याच्या कामात पडले. पोर्टरहाउस झालेले चार्ल्स लॉटन विषारी वायूत सापडले होते. फिलिप वेव्हर्टन झालेले रेमंड मॅसी कॅनडाच्या तोफखान्यात जखमी झाले होते. कादंबरीत युद्ध पात्रांच्या बोलण्यात होते. चित्रपटात बोलणे कमी झाले, पण ते बोलणारी शरीरेच युद्धातून आलेली होती. बटाटा पुढे करणाऱ्या त्या हातांकडे पुन्हा पाहा. रूपांतर मुळाशी प्रामाणिक राहिले की नाही, हे कथानकाची यादी जुळवून कळणार नाही. ते इथे कळते.

यानंतर साधनांत मोठी पोकळी येते. १९५७ मध्ये कथेवरचा युनिव्हर्सलचा हक्क संपला. त्याच वर्षी २९ मे रोजी व्हेल स्वतःच्या घरच्या जलतरण तलावात मृतावस्थेत सापडले. हक्क कोलंबियाकडे गेला आणि १९६३ मध्ये विल्यम कॅसल यांनी हॅमर कंपनीच्या साथीने त्याच नावाचा नवा चित्रपट काढला. त्यात तिसरा पेंडरेल भेटतो: टॉम, लंडनमध्ये मोटारी विकणारा अमेरिकन. हा पूर्ण प्रहसनाचा मामला, खंदकातून आलेले कोणी त्यात उरले नाही. ज्या करारामुळे १९३२ चा चित्रपट जन्मला, तो संपल्यामुळेच तो बेवारस झाला. ज्या चित्रावर हक्क नाही, त्याच्या जतनावर कोणती कंपनी पैसा घालील? तो नाहीसा झाला असे बहुतेकांनी धरून चालले.

पुढच्या नोंदीमागे मुख्यतः एकाच माणसाची साक्ष आहे, दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टन यांची. व्हेल त्यांचे मित्र होते. युनिव्हर्सलमध्ये काम करताना त्यांनी शोध घेण्याचा लकडा लावला आणि १९६८ मध्ये कंपनीच्या कोठारात रिळे सापडली. मग त्यांनी रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयाला खर्च उचलायला राजी केले. एकट्याची साक्ष म्हणून ती पारखून घ्यावी लागते. पण संग्रहालयाने करून घेतलेली नवी प्रत अस्तित्वात आहे, आणि साक्षीदारापेक्षा ती वस्तू मोठी.

सर्वांत वाईट अवस्था होती पहिल्या रिळाची. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती कुजते तेव्हा आधी चित्र फिकटते, मग थर चिकट होऊन एकमेकांना धरतात, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पहिल्या रिळात काय असते? पाऊस, चिखलात रुतणारी मोटार, दरड, आणि दारावरची थाप. ते गेले असते तर उरलेल्या चित्रपटात माणसे घरात असती, पण ती तिथे कशी आली हे कोणालाच दिसले नसते. हॅरिंग्टन यांनी वेळेत लकडा लावला म्हणून वेव्हर्टन आणि पेंडरेल आजही त्या दारापर्यंत पोचतात. २०१७ मध्ये पुन्हा नव्याने दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली.

तिच्यात रिबेका अजूनही झग्याला हात लावते आणि कुजेल म्हणते. तिचे खरे ठरण्याच्या बेतात होते. पेंडरेल पुस्तकात मेला, ही नोंद पक्की. पडद्यावर वाचला, हीही पक्की. आणि पडदा वाचला म्हणूनच ही दुसरी नोंद तपासायला आपल्याला मिळाली.