कॅन्सस सिटी बंदूक प्रयोग

बेकायदा बंदुका जप्त केल्याने शहरातला हिंसाचार घटतो का, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या कॅन्सस सिटीत १९९२-९३ मध्ये झालेला पोलिसी प्रयोग. अभ्यासाची धुरा गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांच्याकडे होती. निवडलेल्या १४४ क्रमांकाच्या बीटमध्ये (पोलिसी गस्तीच्या विभागात) खुनांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे २० पट होते. तेथे २९ आठवडे संध्याकाळी ७ ते रात्री १ जादा गस्तगाड्या फिरत; नेहमीच्या तक्रारींच्या धावपळीतून त्यांना मोकळीक होती. नियम मोडलेली गाडी थांबवायची, सीटवर उघडी पडलेली बंदूक किंवा कपड्याखालचा फुगवटा टिपायचा, वाजवी संशय असेल तरच अंगझडती घ्यायची. घरोघर जाऊन माहिती मागण्यातून मात्र फारसे हाती लागले नाही. जप्त बंदुका ६५ टक्क्यांनी वाढल्या, बंदुकीचे गुन्हे ४९ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या २४२ क्रमांकाच्या बीटमध्ये असा फरक दिसला नाही. तरीही एका बीटवरून सगळ्या शहरांचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९९७ च्या इंडियानापोलिसमधील प्रयोगात संशयितांवर रोखलेली गस्त फळली, सरसकट गाड्या अडवणे फळले नाही. हा भेद महत्त्वाचा, कारण सरसकट झडत्यांचा जाच निरपराध रहिवाशांनाच सोसावा लागतो.